फाईल ड्रॅग केली म्हणजे डीव्हीडी झाली असं नाही

तो मेसेज परत फिरतोय, तुम्हालाही आला असेल: "लग्नाची फिल्म डीव्हीडीवर टाकायला दुकानात पैसे घालवू नका, कोरी डिस्क घाला, एमपीफोर फाईल ड्रॅग करा, फुल स्पीडला बर्न करा, 5 मिनिटांत तयार, कुठल्याही प्लेयरवर चालते, क्वालिटी एचडीच राहते आणि 100 वर्षं टिकते." घरी करता येतं एवढं खरं आहे आणि करावंच. पण बाकीचं वाचून लोक डिस्का वाया घालवतात, आणि ज्या आजी-आजोबांसाठी हा खटाटोप केला त्यांच्या टीव्हीवर नुसती एरर येते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक ड्रॅग करण्याची. फाईल तशीच टाकली की ती डेटा डीव्हीडी होते, कॉम्प्युटरवर चालेल, पण साध्या प्लेयरला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो, त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाईली, आणि आतला व्हिडिओ एमपेग-2 (किंवा त्याहून जुन्या एमपेग-1) या फॉरमॅटमध्येच असावा लागतो, आवाज एसी-3 किंवा पीसीएम वगैरे फॉरमॅटमध्ये. मोबाईलचा व्हिडिओ एच.264 किंवा एचईव्हीसी असतो, आवाज एएसी, म्हणजे यातलं काहीच जुळत नाही. विंडोज तर अजून गोंधळ घालतं, कोरी डिस्क घातली की विचारतं की पेनड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी, आणि माणूस साहजिकच दुसरं निवडतो, पण तिथेही ते फाईली जशाच्या तशा कॉपी करतं, कन्व्हर्ट काहीच करत नाही. काही प्लेयर डिव्हएक्स या दुसऱ्या एका फॉरमॅटची एव्हीआय फाईल थेट वाचतात, म्हणून एखाद्याचं जमून जातं आणि तो मेसेज पुढे पाठवतो.

मग करायचं काय, तर डीव्हीडीस्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला 25 फ्रेम) निवडा, फाईल टाका, मेनू हवा तर बनवा, कन्व्हर्ट आणि बर्न दोन्ही तेच करतं. व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा असेल आणि पालमध्ये हालचाल अडखळत दिसत असेल तर एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत, सेकंदाला साधारण 30 फ्रेम) करून बघा, आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दोन्ही चालवतात. आणि हो, डीव्हीडीतली सबटायटल्स अक्षरं म्हणून नाही तर चित्र म्हणून साठवली जातात, त्यामुळे देवनागरी सबटायटल कुठल्याही जुन्या प्लेयरवर व्यवस्थित दिसतं, फॉन्टची भानगडच नाही. परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी ट्रॅक वेगळा देता येतो, ही सोय लोकांना माहीतच नाहीये!

एचडीचं म्हणाल तर डीव्हीडी-व्हिडिओमध्ये एचडी नसतंच. पाल म्हणजे 720 बाय 576, फुल एचडीत त्याच्या बरोबर पाचपट पिक्सेल असतात. त्यात जागेचा हिशोब आहे, पाकिटावर 4.7 जीबी लिहिलेलं असतं पण विंडोज तीच डिस्क 4.38 दाखवतं, कारण कंपनी 1000 च्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. 2 तासांची फिल्म बसवायची तर व्हिडिओच्या दर सेकंदाला साधारण 5 मेगाबिट डेटा मिळतो, चांगलं दिसतं, पण हळद ते रिसेप्शन असं 3 तासांचं सगळं एकाच डिस्कवर कोंबलं की साडेतीनच्या खाली येतं आणि वरातीत, नाचात चौकोन चौकोन दिसायला लागतात. त्यापेक्षा दोन डिस्का करा, किंवा 8.5 जीबीची ड्युअल लेयर (दोन थरांची) डिस्क घ्या.

फुल स्पीडबद्दल एवढंच, की 16एक्सच्या डिस्कला (एक्स म्हणजे लिहिण्याच्या मूळ वेगाच्या किती पट) 8एक्स ठेवा आणि व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं नीट वाचता येतंय का ते तपासण्याची, खूण करा. 8एक्सला भरलेली डिस्क लिहायला 8-10 मिनिटं लागतात, खरा वेळ आधीच्या कन्व्हर्टमध्ये जातो आणि जुन्या लॅपटॉपवर तो तासाच्या पुढेही जाऊ शकतो. डिस्क फायनलाइज झाली पाहिजे, म्हणजे लिहिणं पूर्ण करून ती बंद झाली पाहिजे, हेही बघा, नाहीतर प्लेयर ती ओळखत नाही.

100 वर्षांचं मात्र अजिबात मनावर घेऊ नका. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये एक रंगद्रव्याचा थर असतो, लेसरने तापवून त्यावर खुणा केलेल्या असतात, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यातली हवा कशी असते ते सांगायला नको. कागदी स्टिकर चिकटवू नका, डिस्क फिरताना तोल जातो, नाव लिहायचंच तर डिस्कसाठीचा मार्कर वापरा, आणि डबीत उभी ठेवा. मूळ एमपीफोर फाईल हार्डडिस्कवर आणि अजून एका ठिकाणी ठेवल्याशिवाय मोबाईलमधून काही डिलीट करू नका, कारण डीव्हीडीवरून ती मूळ क्वालिटी परत काढता येत नाही.