दोर गाडी ओढतो, थांबवत नाही

काकूंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मजकूर काकांनी काल "जपून ठेव, वाटेत उपयोगी पडेल" असे लिहून मुलाला पाठवला. मुलगा शनिवारी बायको-लेकरांना घेऊन इंदूरच्या सुदामानगरहून गाडीने पुण्याला निघतो आहे. म्हणजे राऊ, मानपूर, गणेश घाट, धामनोद, सेंधवा. त्या रस्त्यावर हा मजकूर कोणी खरा मानला तर माणसे मरतील, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

मजकूर थोडक्यात असा. "गाडी बंद पडली? क्रेनवाल्याला हजारो रुपये देऊ नका. १) कुठलाही मजबूत दोर बंपरला बांधा, गाडी न्यूट्रल करा. २) मागच्या गाडीत कोणी बसायची गरज नाही, पुढच्या गाडीचे ब्रेक दोन्ही गाड्यांना पुरतात. अमेरिकेत मोटारहोमच्या (चाकांवरच्या घराच्या) मागे लोक अशीच रिकामी कार हजारो किलोमीटर नेतात, व्हिडिओ बघा. ३) किल्ली काढून घ्या, बॅटरी वाचते. ब्रेक तेलावर चालतात, इंजिनाशी संबंध नाही. ४) ऑटोमॅटिक असो की इलेक्ट्रिक, न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल. ५) घाटात उतार असेल तर आणखी सोपे, गाडी आपोआप येते."

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण जीव त्यातच जाणार आहे.

दोर ताणला की ओढतो, त्यापलीकडे त्याला काही येत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की पुढची गाडी थांबते आणि दोर ढिला पडतो. मागची गाडी आहे त्याच वेगाने येत राहते, तिला अडवायला मध्ये काहीच नसते. हिशेब करून पाहा. दोर चार मीटरचा, वेग ताशी २४ किलोमीटर. समोर गाय आली आणि पुढच्याने बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला, तर त्याची गाडी साडेचार मीटरच्या आत थांबेल. पण ती पुरती थांबण्याआधीच, सव्वा सेकंदात, मागची गाडी मधले चार मीटर ओलांडून तिच्या डिकीवर आदळलेली असेल आणि आदळताना दोन्ही वेगांतला फरक ताशी २२ किलोमीटरच्या वर असेल. सव्वा सेकंदात तर जागा असलेल्या माणसाचा पायही जेमतेम ब्रेकवर पोचतो. इथे मजकूर म्हणतो, माणूसच नको.

टोचन करताना, म्हणजे बंद गाडी दोराने ओढून नेताना, थांबवायचे काम मागच्या गाडीचे असते, हे नीट टोचन करणारा कोणताही मिस्त्री सांगेल. पुढचा फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि हाताने इशारा करतो. मागचा हलका ब्रेक धरतो आणि दोर ताणलेला ठेवूनच दोन्ही गाड्यांचा वेग उतरवतो. दोर रस्त्याला टेकला की मागच्याने उशीर केला असे समजावे. त्यानंतर पुढच्याने पुन्हा गाडी उचलली की असा झटका बसतो की दोर तरी तुटतो किंवा हुक तरी उपटतो.

यात माझे मत काही नाही. १९८९ च्या रस्ता नियमांतला विसावा नियम टोचनाचाच होता. त्यात म्हटले होते: मागच्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर लायसन असलेला माणूस हवा, नाहीतर स्टिअरिंगची चाके क्रेनने रस्त्यावरून उचललेली हवीत. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. दोर इतरांना सहज दिसेल असा हवा. मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेले हवे. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. आणि न्यायचे कुठे, तर जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. २०१७ साली या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली, पण मागे लायसनवाला हवा ही अट तिथेही आहे.

आता तो व्हिडिओ. व्हिडिओ खरा आहे, आणि मागच्या कारमध्ये कोणी नाही हेही खरे. पण तिथे दोर नसतो, ए आकाराचा लोखंडी टो-बार असतो. तो कारच्या चॅसिसला बोल्टांनी घट्ट बसवलेल्या प्लेटला जोडतात, बंपरला नाही. खाली दोन सुरक्षा-केबल एकमेकींना छेदून लावतात, म्हणजे टो-बार सुटलाच तर पुढचे टोक रस्त्यात रुतत नाही. मोटारहोमचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर वायरने कारच्या मागच्या दिव्यांना जोडलेले असतात. आणि व्हिडिओत न दिसणारी, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कारच्या आत असते: वेगळी ब्रेक यंत्रणा. साध्या प्रकारात सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक पेटी ठेवतात आणि तिचा दांडा ब्रेक पेडलला पकडवतात. मोटारहोमचा वेग उतरू लागला की पेटीतला सेन्सर ते ओळखतो आणि त्याच प्रमाणात कारचे पेडल दाबतो. महागड्या प्रकारात मोटारहोमच्या एअर ब्रेकची नळी कारपर्यंत आणून तीच हवा पेडल दाबते. शिवाय ब्रेकअवे स्विच असतो. टो-बार तुटला तर बारीक केबल स्विचमधली पिन उपसते आणि कारचे ब्रेक आपोआप लागतात. मोटारहोम चालवणाऱ्यासमोर एक छोटा दिवा असतो, मागचा ब्रेक लागला की तो पेटतो. ड्रायव्हरचा पाय तिथेही आहे, फक्त तो यंत्राचा आहे.

त्या यंत्रालाही डोळे मिटून सोडता येत नाही. सेन्सर जास्त नाजूक लावला तर कारचा ब्रेक वाटभर हलका लागलेला राहतो आणि पॅड जळतात. पेटी कारच्या बॅटरीवर चालत असेल आणि चार्जिंगची वायर लावली नसेल, तर संध्याकाळपर्यंत बॅटरी बसते आणि पेटी मुकी होते. पेटी बसवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम (निर्वात पोकळी) संपवावा लागतो, नाहीतर सुरुवातीचे ब्रेक हवे त्यापेक्षा जोरात लागतात. एवढा सगळा खटाटोप लोक हौसेने करत नाहीत. ब्रिटनमध्ये अशा तऱ्हेने जोडलेली कार ट्रेलर मानली जाते आणि ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला चालते ब्रेक असणे सक्तीचे आहे. मोटारहोम कारच्या कितीतरी पट जड असते, तरी तिचे ब्रेक पुरेसे धरत नाहीत. मग आपली हॅचबॅक दुसऱ्या हॅचबॅकला कशी थांबवणार? लोखंडी दांडा लावला तरी वजन दुप्पट आणि ब्रेक तेवढेच, म्हणजे थांबायला अंतर दुप्पट लागते, आणि वळणावर मागचे वजन पुढच्या गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलते.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धे खरे आहे, ते मान्य. ब्रेक ऑईलच्या दाबावरच चालतात आणि इंजिन बंद असतानाही पेडल चाकांपर्यंत जोर पोचवते. पण तो जोर कित्येक पटींनी वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर त्यात साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरता असतो. नंतर पेडल दगडासारखे होते आणि नवखा माणूस "ब्रेक फेल" म्हणून घाबरून पाय काढतो. म्हणून ओढायला सुरुवात करण्याआधीच, गाडी उभी असताना, पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्या. सीट पुढे ओढा, गुडघा वाकलेला राहू द्या, लागले तर दोन्ही पायांनी दाबायची तयारी ठेवा. हाताने ओढायचा हँडब्रेक केबलवर चालतो, त्याला बूस्टर लागत नाही. त्याचे बटण अंगठ्याने दाबून धरले की तो अडकत नाही आणि हवा तेवढा लावता-सोडता येतो.

आणि किल्ली काढायची म्हणे! किल्ली काढून स्टिअरिंग जरा फिरले की स्टिअरिंग लॉक पडतो. मग वळण आले की गाडी सरळ जाते. किल्ली आत, 'ऑन'वरच हवी. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता मीटरचे दिवे लागेपर्यंत बटण दाबायचे. पॉवर स्टिअरिंगची मदत बहुतेक गाड्यांत तरीही मिळत नाही, म्हणून वळणाच्या अंमळ आधीपासूनच दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. बॅटरी पूर्ण बसल्यामुळे लॉकच सुटत नसेल, तर ती गाडी दोराने न्यायचीच नाही.

उताराच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. गणेश घाट म्हणजे माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरण्याची वाट. तिथे ब्रेक फेल होऊन ट्रक पुढच्या गाड्यांवर गेल्याच्या बातम्या इंदूरकर वर्षानुवर्षे वाचत आलेत. त्याच घाटात गाडी "आपोआप येते" हे सोयीचे म्हणून सांगितले जाते आहे. माणसांसकट १२०० किलोची गाडी शंभर मीटरला पाच मीटर अशा उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली, तर चाकांचे घर्षण वजा जाऊनही सुमारे ४५ किलोचा जोर तिला सतत पुढे ढकलतो. दहा सेकंदांत तिचा वेग ताशी १३ किलोमीटरने वाढतो. दोर ढिला पडतो, तिच्याच पुढच्या चाकाखाली जातो आणि चाकाला गुंडाळला तर स्टिअरिंग संपले.

मागच्याने ब्रेक धरून ठेवला तरी सुटका नाही, कारण गिअरची मदत नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. ३०० मीटर खाली उतरताना त्या गाडीचे ब्रेक जी उष्णता पोटात घेतात, तिच्यावर साधारण नऊ लिटर पाणी उकळीला येईल. डॉट ३ ब्रेक ऑईल नवे असताना २०५ अंशांच्या आसपास उकळते. दोन-तीन वर्षे न बदललेले, हवेतला ओलावा शोषलेले ऑईल १४० अंशांतच उकळायला लागते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. मानपूरकडून उतरताना असो की खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे चोरलकडे उतरताना, घाटात दोर लावायचाच नाही.

चौथा मुद्दा लांबवण्यात अर्थ नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरवली तर आतले भाग तेलाविना घासतात आणि काही किलोमीटरांचा प्रवास गिअरबॉक्सच्या किमतीला पडतो. एएमटीची, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाडीची, बॅटरी गेली असेल तर गाडी गिअरमध्येच अडकलेली असू शकते, मग न्यूट्रल पडतच नाही. इलेक्ट्रिक गाडीची मोटर चाकांशी कायम जोडलेली असते. चाके फिरली की ती वीज तयार करू लागते. या तिन्ही गाड्यांना चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड क्रेनच हवी.

पहिला मुद्दा: बंपर प्लास्टिकचा असतो, हाताने ओढला तरी निघतो. डिकीत जॅक आणि पान्यासोबत एक लोखंडी कडी असते. पुढच्या बंपरवरचे चौकोनी झाकण काढून ती आत फिरवायची आणि पाना कडीतून घालून घट्ट करायची. काही युरोपी गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणून फिरत नसेल तर जबरदस्ती न करता दुसरीकडे फिरवून पाहा. दोर नायलॉनचा हवा, थोडा ताणणारा, मध्यावर लाल फडके बांधलेला. साखळी किंवा वायर-रोप नको. झटक्यात तुटले तर ते टोक काच फोडून आत येते.

क्रेनवाले रात्री अडलेल्या माणसाकडून अवाच्या सवा पैसे मागतात, हे त्या मजकुरातले दुखणे खरे आहे. सपाट रस्ता, मॅन्युअल गाडी, ब्रेक शाबूत, मागे सराईत माणूस आणि दोन किलोमीटरवर गॅरेज, एवढे सगळे जुळले तर दोराने न्यायला हरकत नाही. घाटात मात्र गाडी डाव्या कडेला घ्या, चाकांना उताराच्या बाजूने दगड लावा, पार्किंग दिवे (चारही इंडिकेटर) चालू ठेवा, त्रिकोण वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला आधीच दिसेल असा मांडा. मुलांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे करा आणि १०३३ लावा. तो राष्ट्रीय महामार्गांचा हेल्पलाइन नंबर आहे. फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आपण धामनोदकडे उतरतो आहोत की इंदूरकडे चढतो आहोत, हे आधी सांगा.