एकाच जातीचे केस असले तरी गट्टी जमेलच असं नाही

प्लास्टिकमध्ये मिसळायच्या अतिसूक्ष्म कणांवरच्या एका लेखात म्हटलंय की सिलिकाच्या (वाळूतल्या मुख्य घटकाच्या) नॅनोकणांवर पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या साखळ्या चिकटवल्या की ते पॉलिस्टायरीनमध्ये आपोआप एकसारखे पसरतात, कारण 'दोन्हीकडे रसायन एकच'. इथे थोडी गफलत झालीय. मी काही वर्षं फिलरवाल्या, म्हणजे बारीक कण मिसळलेल्या, प्लास्टिकचं काम केलंय, म्हणून लिहितो.

रसायन एक असूनही कण गोळा होतात, आणि बऱ्याचदा कारण लांबीचं असतं. कणावरचे 'केस', म्हणजे चिकटवलेल्या साखळ्या, दाट आणि आखूड, आणि भोवतालच्या पॉलिमरच्या (इथे पॉलिस्टायरीनच्या) साखळ्या मात्र त्यांच्यापेक्षा खूप लांब असतील, तर त्या केसांत शिरतच नाहीत. दाट उसाच्या फडातून लांबलचक दोर ओढून बघा, म्हणजे कळेल. आत शिरायचं तर केसांना ताणावं लागतं, एन्ट्रॉपीचा (साखळ्यांना हवं तसं वळायच्या मोकळीकीचा) तोटा होतो, आणि कण एकमेकांनाच चिकटतात. केस लांब ठेवले तर गोष्ट सोपी होते.

बरं, केस विरळ असतील तर? तेव्हा मधली उघडी सिलिका एकमेकींना ओढते आणि केस अडवतात. या ओढाताणीत गोल कणांच्याही माळा आणि पापुद्रे तयार होतात! कोलंबिया विद्यापीठातले सनत कुमार आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये हे दाखवलं होतं. लेखात याचा उल्लेखच नाही, खरं तर सगळ्यात मजेदार भाग तोच.

आणखी एक, द्रावणात स्वच्छ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. आमची एक फिल्म सुकल्यावर छान पारदर्शक होती, ओव्हनमध्ये तापवली आणि दुधाळ झाली, म्हणजे कण गोळा झाले.