नावांचे नियम हे चोचले नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की कोडमधल्या फाइली, व्हेरिएबल वगैरेंच्या नावांचे नियम हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत. खराडी असो की हिंजवडी, डेडलाइन डोक्यावर असताना कोड चालला म्हणजे झालं, आणि शोधायला एडिटरचा सर्च आहेच. तुमचा वैताग समजतो. पण ‘कोड चालला पाहिजे’ हीच कसोटी लावली तरी नियम लागतातच.

कारण नावं टूल्सही वाचतात. पायथन भाषेतला कोड तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, म्हणजे टेस्ट, चालवणाऱ्या पायटेस्ट या टूलचं बघा. सेटिंग बदललं नसेल तर ते नावाच्या सुरुवातीला ‘टेस्ट_’ किंवा शेवटी ‘_टेस्ट’ असलेल्या पायथन फाइलीच गोळा करतं. कुणी ‘बिल_टेस्ट्स’ असं नाव दिलं, शेवटी फक्त एक ‘एस’ जास्त, तर सगळ्या टेस्ट एकदम चालवताना त्या फाइलकडे ते बघतही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. बाकीच्या टेस्ट हिरव्या दिसतात, सगळे निर्धास्त होतात आणि बिलाचा हिशोब कुणी तपासलेलाच नसतो. मला याची खरोखर धास्ती वाटते.

दुसरं, विंडोज आणि मॅकवर फाइलच्या नावातला कॅपिटल-स्मॉल फरक सहसा चालून जातो, लिनक्सवर नाही. जावास्क्रिप्टमध्ये इम्पोर्टमध्ये, म्हणजे दुसरी फाइल कोडमध्ये आणणाऱ्या ओळीत, पहिलं अक्षर कॅपिटल आणि फाइलच्या नावात स्मॉल असेल, तर लॅपटॉपवर सुरळीत चाललेला कोड लिनक्स सर्व्हरवर बिल्डलाच, म्हणजे कोड चालवण्यासाठी तयार होतानाच, अडकतो. तेव्हा डेडलाइन कोण सांभाळणार?

आता सर्च. काय शोधायचं हे माहीत असेल तरच तो कामाचा. आपल्याकडच्या जमिनीच्या नोंदींचा प्रोजेक्ट घ्या. ‘सातबारा’ रोमन लिपीत एकजण सलग लिहितो, दुसरा मध्ये अंडरस्कोर घालतो, तिसरा ‘सा’साठी दोन ‘ए’ वापरतो. तुम्ही एक शोधून दुरुस्त करता, बाकीचे दोन तसेच राहतात.

जुना चालता प्रोजेक्ट नावांसाठी उकरू नये, हे तुमचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. पायथनची २००१ सालची ‘पेप ८’ ही मार्गदर्शिकासुद्धा स्वतःपेक्षा प्रोजेक्टमधल्या सुसंगतीला जास्त महत्त्व देते. नवीन कोड टीमने ठरवलेल्या पद्धतीने लिहा, रीनेमचा कमिट, म्हणजे नावबदलाची नोंद, बाकीच्या बदलांपासून वेगळा ठेवा आणि शक्य तेवढे नियम लिंटरवर, म्हणजे कोडची शैली आपोआप तपासणाऱ्या टूलवर, सोपवा. एकमेकांचा कोड तपासताना, म्हणजे रिव्ह्यूत, होणारी हुज्जत वाचते.

तुमचा प्रोजेक्ट पायथनमध्ये असेल तर पायटेस्ट ‘कलेक्ट-ओन्ली’ पर्यायाने (टेस्ट न चालवता फक्त यादी दाखवणाऱ्या) चालवा आणि आलेली यादी टेस्टच्या फोल्डरशी ताडून बघा. एखादी फाइल सुटलेली निघाली तर इथे जरूर कळवा.