टॅग असल्याशिवाय मूल मिळणार नाही

कंप्युटर शिकवणाऱ्या माणसाने आपला धंदा शेजाऱ्यांना कळू देऊ नये. डॉक्टरला रात्री उठवताना लोक निदान दोन मिनिटं घुटमळतात. मला मात्र कुंपणावरूनच हाक येते, आणि हाकेत ‘प्रिंटर’ हा शब्द असतो.

कुंपणापलीकडे आंटी राहते. रविवारी मीस, म्हणजे सकाळची सामूहिक प्रार्थना, आटोपली की इगर्जेच्या (चर्चच्या) बाजूच्या सभागृहात मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, गावात त्याला दोतोर्न म्हणतात. त्या वर्गांची सगळी सूत्रं आंटीच्या हातात. मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत फणस उतरवून घ्यायची माझी गडबड चालली होती, तेव्हा ती कुंपणाशी आली. ‘‘बाय, तुका कंप्युटर येता न्ही?’’

गावच्या हायस्कुलात मी तोच विषय शिकवते. नाही म्हणायला जागा नव्हती.

झालं होतं असं. आंटीचा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. गोव्यातला आमचा बार्देश तालुका अर्धा तिकडेच आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. तिथल्या चर्चमध्ये मुलांची ने-आण, हजेरी, कुटुंबांच्या नोंदी सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं म्हणे. ते बघून त्याला गावची आठवण आली आणि त्याने एका वर्षाची वर्गणी भरून ते आमच्या इगर्जेला भेट दिलं. सोबत चॉकलेटच्या डब्यांमधून लेबल छापायचा एक छोटा प्रिंटर. प्रिंटरच्या वायरीला विलायतेचा चौकोनी पिनांचा प्लग. तो आपल्या सॉकेटात जात नाही, पण हे पुढचं दुःख.

‘‘आंटी, पण मी हिंदू,’’ मी एक शेवटचा प्रयत्न केला.

‘‘सॉफ्टवेअर तरी खंय कॅथलिक आसा?’’

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. शिवाय म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला (मेरीमातेला) शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून तेल घालणाऱ्यांतली मी. धर्माची सबब माझ्या तोंडी शोभलीही नसती.

सॉफ्टवेअरची कल्पना वाईट नाही, हे आधी कबूल करते. प्रत्येक कुटुंबाची एक नोंद. रविवारी मूल आलं की दारातल्या टॅबलेटवर त्याचं नाव दाबायचं. दोन चिकटपट्ट्या छापून येतात. एक मुलाच्या छातीवर, त्यावर नाव, इयत्ता आणि कशाची ऍलर्जी असेल तर ती. दुसरी पालकाच्या हातात. दोन्हींवर एकच सांकेतिक क्रमांक. वर्ग सुटल्यावर क्रमांक जुळला तरच मूल मिळणार. शिवाय प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं हवीत, आणि एखादं मूल लागोपाठ तीन रविवार आलं नाही तर शिक्षिकेला सूचना जाते. जिथे शेकडो माणसं गाड्या घेऊन येतात आणि शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते कुणाला ठाऊक नसतं, तिथे हे लागणारच. आमच्या गावात मूल हरवायचं म्हटलं तरी वाटेत चार जण त्याला कानाला धरून घरी आणून सोडतात.

माहिती भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. घराचा प्रमुख कोण? पहिलं घर घेतलं. बाप तारवटी, वर्षातले आठ महिने बोटीवर. आई मडगावच्या इस्पितळात नर्स, रात्रपाळी. मुलांना सांभाळते ती आजी. आजीला विचारलं तर ती म्हणाली, घर सासूच्या नावावर आहे. सासू कुठे आहेत? 1974 साली वारल्या. ज्यांनी गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढलाय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही; आमच्याकडे मालक बहुधा वरूनच कारभार बघतात. पण सॉफ्टवेअरने प्रमुखाचा ई-मेल मागितला.

मग आडनावं. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज, परत फर्नांडिस. गावात ही मंडळी एकमेकांत कधी गोंधळत नाहीत, कारण पोदेराचे (पाव भाजणाऱ्याचे) फर्नांडिस वेगळे, रेंदेराचे (माडी काढणाऱ्याचे) वेगळे, आणि तिठ्यावरचे तर कुणाशीच बोलत नाहीत. ही टोपणनावं टाकायला रकानाच नाही. होता तो ‘मधलं नाव’. मी त्यात ‘पोदेर’ टाकत गेले. पुढे एका मुलाच्या छातीवर ते छापून आलं तेव्हा त्याची आई संतापली. तिच्या सासऱ्याने भट्टी बंद करून पंचवीस वर्षं झाली होती आणि नवरा बँकेत मॅनेजर होता.

ऍलर्जीच्या रकान्यात एका आईने सविस्तर लिहून दिलं होतं: नदीतली सुंगटं (कोळंबी) चालतात, दर्यातली चालत नाहीत. मी तसंच भरलं. लेबलावर जागा मोजकी. छापून आलं ते ‘नदीतली सुंगटं चालतात’ एवढंच, जणू त्या पोराला पाहुणचाराला कुठे बोलवायचं याची सूचना.

फादर तरुण आहेत आणि कायद्याला जपून असतात. त्यांनी आठवण करून दिली की 2023 च्या कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती अशी साठवायची तर पालकांची संमती हवी. म्हणजे पुन्हा घरोघर. जुलैचा पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म. प्रत्येक घरी चहा. चौदाव्या चहानंतर मला स्वतःचीच ऍलर्जी भरायची वेळ आली.

खरं म्हणजे गोव्याला या कामाचा अनुभव थोडाथोडका नाही. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात इथे उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने वाजवत फिरू लागले. घंटा ऐकून पोरं मागे लागत, तीच हजेरी आणि तोच वर्ग. पुढे 1556 साली भारतातला पहिला छापखाना आला तोही गोव्यातच, आणि पुढच्याच वर्षी त्यावर छापली गेली ती झेवियरांचीच धर्मशिक्षणाची पुस्तिका. जहाजातून आलेल्या त्या लाकडी यंत्राने वर्षभरात पुस्तकं काढली. आमच्या स्विंडनच्या यंत्राने तीन रविवार एक चिकटपट्टी काढली नाही. प्लगला अडॅप्टर मिळाला तर लेबलांचा रोल संपला. नवा रोल मागवला तो मी शाळेच्या आवारात बंद गाडीत विसरले. तो कागद उष्णतेने छापणारा असतो हे मला त्या दिवशी कळलं. उघडून बघते तर अख्खा रोल काळाठिक्कर.

वेळेचंही तेच. मी सकाळी आठची वेळ लावली होती आणि आठ वाजता टॅबलेट म्हणे, वर्ग अजून सुरू झालेले नाहीत. बाहेर पन्नास पोरं भिजताहेत, आंटी माझ्याकडे बघतेय. शेवटी लक्षात आलं, घड्याळ शिकागोचं होतं. त्या हिशेबाने आमची दोतोर्न संध्याकाळी साडेसहाला उघडणार होती. तारखाही अमेरिकन, आधी महिना मग दिवस. 3 डिसेंबर हा झेवियरांच्या फेस्ताचा दिवस. त्या दिवशी जन्मलेल्या आमच्या गावच्या पोरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा 12 मार्चला जातील अशी चोख व्यवस्था मी करून ठेवली होती.

अखेर एका रविवारी सगळं चाललं. प्रिंटर कुरकुरला, पट्ट्या निघाल्या, पोरांनी त्या एकमेकांच्या पाठीवर लावल्या. सुटायच्या वेळी दारात दोन कॉलेजची पोरं उभी केली होती. मागे भिंतीवर आंटीने जाड अक्षरात पाटी लावली होती: टॅग असल्याशिवाय मूल मिळणार नाही. एक म्हातारा आजोबा आला. नातवाने लांबूनच हात केला. पोरांनी अडवलं, टॅग दाखवा. टॅग सुनेकडे, सून म्हापशाच्या बाजारात.

आजोबाने त्या दोघांना खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘‘हाच्या बापायच्या बाप्तिज्माक घांट हांवें वाजयिल्ली,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘आनी तुज्या बापायच्याय.’’

पोराने निमूट दार सोडलं. सॉफ्टवेअरमध्ये मी त्या मुलाला घरी गेल्याची खूण केली आणि कारणाच्या जागी ‘घंटा’ लिहिलं.

पण माझा खरा पराक्रम अजून सांगितलेला नाही.

एकदा सॉफ्टवेअर उघडलं तर वर लाल पट्टी: संभाव्य दुबार नोंदी, तपासा. एकाच नावाची माणसं एकाच पत्त्यावर असली की त्याला संशय येतो. नातवंडाला आजीआजोबांचं नाव ठेवायची आमच्याकडे, दोन्ही धर्मांत, जुनी पद्धत. हे त्याला कुणी सांगावं? रात्री अकराला, लाइट दोनदा जाऊन आल्यावर, मी ‘एकत्र करा’ दाबत गेले. त्यात एका मारियाची आणि तिच्याच नावाच्या तिच्या आजीची मोट बांधली गेली. नात जन्मली 2016 साली, आजी 1949 साली. उरली ती एकच नोंद. जन्मतारीख आजीची, फोन आजीचा, इयत्ता तिसरी.

शनिवारी संध्याकाळी आजीच्या फोनवर संदेश गेला: उद्या तुझ्या वर्गात तुझी वाट बघतोय!

रविवारी आजी आली. पांढरा फ्रॉक, केसांना तेल, हातात जपमाळ. नातीला सर्दी झाली म्हणून घरीच ठेवली होती. टॅबलेटवर नाव दाबलं, लेबल आलं, तिने ते नीट छातीवर लावलं आणि तिसरीच्या वर्गात पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी धावत गेले. चूक माझी झाली, माफ करा, आताच काढते, म्हणून हात जोडले.

‘‘राव गो,’’ ती म्हणाली. ‘‘बोलावलंय तर बसू दे.’’

वर्ग घेणारी मुलगी विशीतली. तिने प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या ओळीलाच पुढच्या बाकावरून आवाज आला, ‘‘चुकलें.’’ पोरं खूश. आजीने पूर्ण प्रार्थना म्हणून दाखवली, मग पोर्तुगीजांच्या काळात ती शाळेत कशी म्हणायची तेही, मग मास्तर कशी छडी मारायचा ते कृतीसह. तिसरीचा वर्ग त्या दिवशी सुटायचं नाव घेईना.

सोमवारी मी दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. बुधवारी आजीचा फोन आला, मेसेज का आला नाही? नात आणि आजी दोघींना तिसरीत घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घातलं. आता दर आठवड्याला स्क्रीनवर इशारा येतो की तिसरीत मोठं माणूस एकच आहे, नियमाप्रमाणे दोन हवीत. त्या वर्गात मुलं चोवीस, आणि त्यातल्या एकाचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, हे त्याला समजावणं मी सोडून दिलं.

मार्चमध्ये वर्षभराच्या हजेरीचा तक्ता छापला. एकही रविवार न चुकवणारं मूल साऱ्या इगर्जेत एकच निघालं. मी फादरांना आधीच जाऊन सांगितलं, सॉफ्टवेअरची चूक आहे, यादीतून नाव काढूया. त्यांनी प्रमाणपत्र पुढे ओढलं आणि सही केली.

‘‘टीचर,’’ पेनाचं टोपण लावत ते म्हणाले, ‘‘काढायचं तर तुम्ही तिला जाऊन सांगा.’’