रोव्हर घ्या, सर्वेअर व्हा!

घरात पोरगं बेकार बसलंय? स्पर्धा परीक्षा देऊन दमलंय, पुण्याची खोली सोडून आलंय आणि आता ओट्यावर मोबाईल चोळत बसतं? त्याला सर्वेअर करा. वकिलीला सनद लागते, गावातल्या वायरमनलाही परवाना लागतो. जमिनीची हद्द दाखवायला मात्र एक काठी, काठीच्या टोकाला पांढरा डबा (हाच रोव्हर, उपग्रहांवरून जागा टिपणारं यंत्र) आणि आवाजात थोडी जरब एवढं पुरतं. मी नुकतंच डोळ्यांनी बघितलंय, माझ्याच बांधावर, म्हणून अधिकारानं सांगतो.

यंत्र विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतं. भाड्याचं परत करता येतं आणि त्यासोबत जबाबदारीही परत जाते.

बोलेरोच्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'सर्वेअर' लिहून घ्या. त्याच्या आधी 'शासनमान्य' लिहायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आजपर्यंत कुणी कागद मागितल्याचं ऐकिवात नाही.

गिऱ्हाईक शोधायचं तर जिथं दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत तिथं जा. म्हणजे कुठंही जा.

जुनी कागदपत्रं मागू नका. ही चूक नवशिके करतात. टिपण, फाळणी, गुणाकार बुक, आकारफोड असली जुन्या मोजणीच्या नोंदींची नावं ऐकली की गिऱ्हाईक घाबरतं आणि तुम्हालाही ती वाचता येत नाहीत हे उघडं पडतं. पूर्वी तेहतीस फुटी साखळीनं मोजणी व्हायची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे गुंठा. त्या साखळीचे आकडे टिपणात बसलेत. मग 1947 चा तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्वे नंबरांचे गट झाले, आणि कुणाचा कोपरा कुणाच्या गटात गेला हे शोधायला आजही जुना नकाशा नव्यावर बसवावा लागतो. कोण एवढं करत बसणार? तुमचं यंत्र अवकाशातल्या उपग्रहांशी बोलतं, ते काय टिपणाला विचारणार? आता खरं सांगायचं तर रोव्हर फक्त तुम्ही कुठं उभे आहात तेवढंच सांगतो. बांध कुठं असायला हवा, हे त्याला ठाऊक नसतं. पण हे गिऱ्हाइकाला सांगू नका, धंदा बसेल.

शेजाऱ्याला नोटीस देण्याच्या भानगडीत पडू नका. तो सकाळी ठिबक चालू करायला येईल तेव्हा त्याला आपोआप कळेल.

आता मुख्य धडा, दगड कसा रोवावा. इथं जरा सविस्तर सांगतो, कारण मला तो प्रात्यक्षिकासह मिळाला. शेजारचे तात्या आणि आमचं तसं बरं. पण त्यांच्या जावयानं ओळखीचा रोव्हरवाला आणला. तापीकाठची केळी, ऐन भरातली, डोक्याच्या वर पानं, खाली उभं राहिलं तर आभाळ दिसत नाही. त्या सावलीत हा पोरगा काठी धरून उभा. काठीला बसवलेला पाणसळीचा बुडबुडा एका कडेला पळालेला, म्हणजे काठीच तिरपी. हातातल्या स्क्रीनवर 'फ्लोट' असा शब्द लुकलुकतोय. मी आपला अडाणी शेतकरी, पण चार ठिकाणी मोजणी बघितलीय. यंत्राला उपग्रह नीट सापडले की 'फिक्स' दिसतं आणि फरक सेंटिमीटरांत येतो. 'फ्लोट' असलं की फूटभर, कधी त्याहून जास्त इकडंतिकडं होतं. म्हटलं, "दादा, अजून फ्लोट दाखवतंय, जरा मोकळ्यात घे." तर म्हणतो, "काका, एवढं चालतं." आणि मजुराला खूण केली. पहारीनं खड्डा, खड्ड्यात दगड, दगडावर चुना. माझी कडेची ओळ बांधात गेली आणि ठिबकची नळी पहारीखाली तुटली ती वेगळीच. पाणी वाहत होतं आणि हा पुढच्या खुणेचा फोटो काढत होता.

एवढं चालतं! कुणाला चालतं रे? साधा हिशेब आहे, चौथीतलं पोरगं करेल. बांध 660 फूट लांब धरा. दगड दोन फूट सरकला तर 1320 चौरस फूट गेले. गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा. म्हणजे तुझ्या 'एवढं चालतं'मध्ये एका माणसाचा सव्वा गुंठा जातो. पाच फुटांवर खोड धरलं तर कडेच्या एका ओळीत 132 खोडं बसतात. त्यांचं खत, पाणी, टिश्यूची रोपं, पिलबागाची, म्हणजे पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाची मजुरी. आणि तात्या मला काय सांगतात? "मशीन काय खोटं बोली का, भो?" मशीन नाही बोलत तात्या, मशीन तर बिचारं 'फ्लोट, फ्लोट' म्हणून ओरडत होतं!

असो. आपण सल्ला देत होतो.

मोजणी झाली की नकाशा द्या. रंगीत द्या. त्यावर उत्तर दिशेचा बाण मोठा काढा. सही मात्र वाचता येणार नाही अशी करा, आणि नाव, पत्ता, नंबर यातलं काहीही छापू नका. उद्या कुणी कोर्टात तो कागद नेला तर कळेल की त्याला काडीची किंमत नाही. हद्द कायम करायची तर सरकारच्या भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि त्यांचा मोजणी नकाशा, म्हणजे क प्रत लागते. पण तोवर दगड रोवला गेलाय, आणि खान्देशात रोवलेला दगड काढायला जाणं म्हणजे काय, हे मी कुणाला सांगायला नको.

सरकारी मोजणीला शिव्या देऊ नका, ती तुमची अन्नदाती आहे. तिथली रांग आहे म्हणून तुमचा धंदा आहे. दोन हेक्टरपर्यंत नियमितचे 2000 रुपये आणि द्रुतगतीचे 8000. द्रुतगतीचं चलन भरा आणि निवांत बसा. तारीख आली तर साहेब रजेवर. साहेब आले तर रोव्हर दुसऱ्या तालुक्यात. दोघंही आले तर पीक उभं आहे, काढणीनंतर बघू. सगळं जुळून आलं तर लगतवाला हरकत घेतो आणि मग निमताना, म्हणजे अपिलातली फेरमोजणी, त्यावर सुपर निमताना. गाडी आपली, डिझेल आपलं, मजूर आपले, जेवणही आपलं, आणि त्यात कळण्याच्या भाकरीसोबत भरीत नसेल तर नाराजी. 1852 साली इंग्रजांची मोजणी नको म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या सावद्याला हजारो माणसं जमली होती, फौज येईपर्यंत हलली नव्हती. आता मोजणी येत नाही म्हणून जमायची वेळ आलीय.

कुणी हद्दीची खूण उपटली तर घाबरू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 145 मध्ये दंड आहे, एका खुणेमागे शंभर रुपयांपर्यंत. शेवभाजीची प्लेट महाग पडते. म्हणजे उपटणाराही खूश, रोवणाराही खूश.

एक शेवटचा सल्ला होता, पण आता उपरोध पुरे. सरळच बोलतो.

ज्या गावात मी राहतो तिथं कृषी सेवा केंद्राच्या माणसाला बियाणं विकायला परवाना लागतो, कीटकनाशक विकायला वेगळा, आणि त्यासाठी शिक्षण किंवा कोर्स केल्याचा दाखला. दुकानात परवाना भिंतीवर लावावा लागतो. कपाशीचं बियाणं उगवलं नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते, पंचनामा करते, अहवाल लिहिते. बियाणं खोटं निघालं तर एक हंगाम बुडतो. दगड खोटा पडला तर दोन पिढ्या कोर्टात जातात, आणि त्या दगडावाल्याला विचारणारं कुणी नाही. ना भिंतीवर परवाना, ना समिती, ना पंचनामा.

2025 मध्ये सरकारनं जाहीर केलं की परवानाधारक खासगी भूमापक मोजणी करतील आणि भूमी अभिलेखचे अधिकारी ती प्रमाणित करतील. शेजारच्या कर्नाटकात परवानाधारक सर्वेअर कित्येक वर्षांपासून आहेत, म्हणजे हे काही अशक्य काम नाही. चांगली गोष्ट आहे. पण साहेब, परवाना म्हणजे नुसता बिल्ला वाटणं नव्हे. अर्जदाराला टिपण वाचता येतं का, याची परीक्षा घ्या, रोव्हरची बटणं काय कुणीही दाबेल. प्रमाणित करणारा अधिकारी शेतात येणार की टेबलावरच शिक्का मारणार, हे आधी सांगा. टेबलावरच मारणार असाल तर आजचा 'एवढं चालतं' उद्या शिक्क्यासकट येईल, आणि मग मी कुणाकडे जाऊ? मोजणी चुकली तर पैसे कोण भरणार? परवाना कोण रद्द करणार, किती दिवसांत? तक्रार कुणाकडे करायची, त्याच टेबलाकडे का?

आणि तुम्ही, दोनशे फूट बांधासाठी ओळखीचा पोरगा आणणारे! तुम्हालाही ठाऊक असतं की हा कागद खोटा. तुम्हाला हद्द नकोच असते, शेजाऱ्याला दम द्यायला दगड हवा असतो. वर्षानुवर्षं बांध कोरायचा, आणि कोरून झाला की यंत्र बोलवायचं. लाज वाटू द्या जरा. पोरांच्या लग्नात याच शेजाऱ्याला मांडवात पहिल्या रांगेत बसवणार आहात ना?

प्रत्येक नकाशावर मोजणाऱ्याचं पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक छापा. त्या क्रमांकांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. स्क्रीनवर 'फिक्स' असल्याचा पुरावा नोंदीत ठेवायला लावा. खोटा दगड सिद्ध झाला तर त्या माणसाला पुन्हा काठी धरू देऊ नका. एवढंही जमणार नसेल तर योजनेची फाईल कार्यालयाच्या कपाटातच राहू द्या. आमची टिपणं तिथंच आहेत, वाळवी लागलेली.