टू-पोस्ट लिफ्ट का दिली नाही: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या गॅरेजमध्ये आम्ही बसवलेल्या फोर-पोस्ट लिफ्टबद्दलचा, म्हणजे गाडी वर उचलणाऱ्या चार खांबांच्या यंत्राबद्दलचा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो, पण आधी एक विनंती, आणि ती आजच पाळा. तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोत तुम्ही वर उचललेल्या गाडीखाली उभे आहात. तो फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या उजव्या खांबात लॉकचा खटका, म्हणजे गाडी धरून ठेवणारा लोखंडी अडसर, खांबातल्या दातावर टेकलेला नाही. बाकी तीन कोपरे लॉकवर बसलेत आणि तो एक कोपरा नुसत्या वायर रोपवर, म्हणजे उचलणाऱ्या तारेच्या दोरावर, लटकलाय. वरची गाडी खाली घ्या आणि आम्ही येऊन पाहीपर्यंत त्या लिफ्टखाली कोणालाही जाऊ देऊ नका.

आता तक्रारीकडे. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची, लिफ्ट मागितली असताना आम्ही भीती घालून फोर-पोस्ट गळ्यात मारली. तिच्यावर गाडीची चाकं निघत नाहीत. वर ठेवलेली सेडान गॅरेजच्या, छताखाली सरकणाऱ्या, उघड्या दाराला घासते. लिफ्ट उतरवताना आधी वर जाते. दोनदा फोन करूनही माणूस आला नाही. आणि तुमच्या मित्राने याच्या निम्म्या जागेत सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत वर जाणारी) बसवली.

यातल्या दोन गोष्टी सरळसरळ आमच्या चुका आहेत आणि एक निम्मी. टू-पोस्टबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही उद्या पुन्हा आलात तरी त्या जमिनीवर मी ती बसवणार नाही.

त्याचं कारण त्या दिवशी आमच्या कारागिराने तुम्हाला घाईघाईत सांगितलं असणार, म्हणून नीट सांगतो. टू-पोस्टमध्ये गाडीचं सगळं वजन चार हातांवर असतं आणि हे हात दोन खांबांतून आत, गाडीखाली आलेले असतात. म्हणजे वजन खांबाच्या बुडाशी सरळ खाली उतरत नाही, ते खांबाला आतल्या बाजूला ओणवं करायला बघतं. त्याला धरून ठेवतात ते फक्त जमिनीत ठोकलेले अँकर बोल्ट, त्यातही बाहेरच्या बाजूचे, कारण वर उपसले जाण्याचा ताण त्यांच्यावर येतो. काँक्रीट पातळ किंवा भुसभुशीत असेल तर बोल्ट तुटत नाही, तो आपल्याभोवतीचा काँक्रीटचा शंकूसारखा गोळा घेऊन वर येतो. आणि हे बोल्ट घट्ट करताना कळतंच असं नाही. गाडी वर असताना कळू शकतं.

म्हणूनच बहुतेक कंपन्या टू-पोस्टसाठी किमान 10 सेंटीमीटर जाडीचं, सुमारे 20 मेगापास्कल दाब पेलणारं, पूर्ण मुरलेलं काँक्रीट मागतात. बोल्ट भेगेपासून आणि सांध्यापासून लांब हवेत ते वेगळंच. तुम्ही लिहिलंय की ‘एक अख्खा दिवस जमिनीला भोकं पाडण्यात घालवला’. ती भोकं यासाठीच होती. एका खांबाच्या जागी 11 सेंटीमीटर काँक्रीट निघालं, दुसऱ्या जागी जेमतेम 7, आणि त्याखाली भरावाची माती. वरची फरशी जाडीत धरायची नसते, ती फक्त दिसायला असते. (काही घरांच्या जमिनीत, काँक्रीटला मजबुती द्यायला, ताण दिलेल्या पोलादी केबल असतात. तिथे तर तपासणीचं भोकसुद्धा नकाशा पाहिल्याशिवाय पाडायचं नाही. तुमच्याकडे तसं नव्हतं, हे आम्ही आधी विचारून घेतलं होतं.)

यावर उपाय होता. दोन्ही खांबांच्या जागी जमीन कापायची, सळया टाकून जाड पाया भरायचा आणि तो 28 दिवस मुरू द्यायचा. तो पर्याय आम्ही लेखी दिला होता आणि तुम्ही नको म्हणालात. ते मला समजू शकतं, महिनाभर गॅरेज उखडलेलं कोणाला आवडेल? पण त्यानंतर उरलेला पर्याय ‘भीती घालून’ दिला असं म्हणणं मला पटत नाही. फोर-पोस्टमध्ये वजन चार खांबांतून सरळ खाली जातं, खांब ओणवं व्हायचा प्रश्न फारसा येत नाही, म्हणून तुमच्या जमिनीतून बोल्ट उपसला जाण्याची भीती तिच्यात फारशी नाही. शिवाय पहिल्या भेटीत तुमची मुख्य अडचण होती दोन गाड्या एकावर एक ठेवण्याची. टू-पोस्ट हे ठेवायचं साधन नव्हे, कामाचं साधन आहे. गाडी महिनोन्‌महिने हातांवर चाकं लोंबकळत राहिली तर सस्पेन्शनच्या रबरांना ते मानवत नाही.

आता निम्मी चूक. फोर-पोस्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते, त्यामुळे चाक काढायचं तर चाकं ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्यांच्या मधे सरकणारा वेगळा जॅक लागतो. आमच्या अंदाजपत्रकात तो ‘वेगळा घ्यावा लागेल’ असं तिसऱ्या पानावर लिहिलंय. पण तिसऱ्या पानावर लिहिणं वेगळं आणि तोंडाने सांगणं वेगळं. सुट्टीच्या दिवशी ब्रेक पॅड बदलायला आवडतं, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतं, आणि तिथेच आमच्या माणसाने थांबून हे सांगायला हवं होतं. आता आम्ही पहिलाच प्रश्न तो विचारतो: गाडी ठेवायची आहे की चाकं काढायची आहेत? दोन्ही असेल तर जॅक पहिल्याच पानावर येतो.

मित्राच्या सिझर लिफ्टबद्दल. टायर, ब्रेक, बाजूचं पॅनल या कामांना ती छान आहे, जमिनीलाही त्रास कमी. पण घरगुती प्रकारातल्या बहुतेक सिझर गाडीला कमरेच्या आसपासच उचलतात, आणि गाडीखालची मधली जागा तिच्याच सांगाड्याने भरलेली असते. गिअरबॉक्स किंवा सायलेन्सर काढायची वेळ आली की मित्राला विचारून बघा. आणि तिच्याखाली दुसरी गाडी ठेवता येत नाही, जी तुम्हाला ठेवायची होती.

दार मात्र पूर्ण आमची चूक. हिशेब इथे मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. तुमची एसयूव्ही 1.70 मीटर उंच. तिच्यावर मोकळी जागा धरून लिफ्टच्या पट्टीची खालची कड ज्या लॉकवर बसते, ती उंची 1.79 मीटर. ही उंची हवी तशी ठरवता येत नाही. लॉकचे दात ठरावीक अंतरावर असतात, मधे कुठेही थांबता येत नाही, म्हणून वरचा दात धरावा लागतो. पट्टीची जाडी 12 सेंटीमीटर, वर सेडान 1.46 मीटर. बेरीज 3.37. छत 3.70. आमच्या माणसाने इथेच टेप गुंडाळला, कारण त्या वेळी दार बंद होतं. दार उघडून छताखाली सरकलं की रूळ आणि मोटरसकट 40 सेंटीमीटर खातं आणि उरतात 3.30. सेडान खाली आणि एसयूव्ही वर ठेवून बघा, असं आमच्या ऑफिसमधून तुम्हाला सुचवलं गेलं, हे वाचून मला लाज वाटली. गाड्यांची अदलाबदल केली म्हणून दोन्ही गाड्यांच्या उंचीची बेरीज कशी बदलेल?

ते आम्ही दुरुस्त करतो, आमच्या खर्चाने. दाराचे रूळ छताच्या जवळ चढवायचे आणि छताला लटकलेली मोटर काढून बाजूच्या भिंतीवर, दाराच्या दांड्यालगत बसवायची. तसं केलं की उघड्या दाराखाली 3.52 मीटर मिळतात, म्हणजे सेडानच्या टपावर 15 सेंटीमीटर. तोवर दार उघडण्याआधी सेडान खाली घ्या. टपावर ओरखडा आलाय असं तुम्ही लिहिलंय, त्याचं रंगकामही आमच्याकडे.

लिफ्ट उतरवताना आधी थोडी वर जाते, हा बिघाड नाही. हायड्रॉलिक फक्त उचलण्यासाठी असतं, धरून ठेवण्यासाठी लोखंडी लॉक. गाडी हवी तेवढी वर गेली की बटण सोडून थांबायचं नसतं, खाली येण्याची कळ दाबून चारही कोपरे दातावर टेकवायचे असतात. मग सील गळलं किंवा नळी फुटली तरी गाडी जागची हलत नाही. आणि दातावर बसलेलं वजन सोडवायचं तर आधी दोन बोटं वर उचलावंच लागतं. वर जाताना येणारा खट खट आवाज रात्री शेजाऱ्यांना ऐकू जातो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. तो आवाज चारही खांबांतून येतोय ना, एवढं मात्र ऐकत जा.

आणि तुमच्या फोटोत नेमकं तेच, चारही कोपरे दातावर टेकणं, झालेलं नाही. नवीन वायर रोप पहिल्या काही आठवड्यांत ताणून बसते आणि प्रत्येक कोपऱ्यात सारखी ताणत नाही. म्हणूनच बसवल्यानंतर एकदा येऊन चारही कोपरे पुन्हा समपातळीत आणावे लागतात, आणि ती फेरी आमच्या कामाचाच भाग आहे. तुम्ही त्यासाठीच फोन केला होतात. ‘एक बाजू वाकडी वाटते’ असं तुमचं वाक्य आमच्या नोंदवहीत आहे, त्यापुढे कोणीही काही लिहिलेलं नाही. दाराच्या चुकीपेक्षा ही मोठी. दारामुळे टप घासला. या चुकीत तुम्ही खाली उभे होतात. याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. शनिवारी सकाळी मी स्वतः येतोय, सोबत वायर रोप बसवणारा कारागीर असेल. आधी लॉक, मग दाराची मापं. आम्ही आलो की मापं घेईपर्यंत दार पूर्ण उघडं ठेवा.