मागे जाणारी नजर

वाद सुरू झाला तो नंदूच्या पुस्तकातल्या जाड कागदाच्या पट्टीवरून. ओळ वाचून झाली की तो ती पट्टीनं झाकायचा आणि खाली सरकायचा. वेगवाचनाच्या एका वर्गात त्याला सांगितलं होतं, की वाचताना नजर मागे जाते ही वाईट खोड, ती मोडली की वेग दुप्पट होतो.

"नजर ओळीवरून सरळ सरकते असं वाटतं का रे तुला?" सुलभाताईंनी विचारलं. त्या तीस वर्षं मुद्रितशोधन करतायत.

"सरकतेच की."

त्यांनी त्याला एक डोळा मिटायला लावला, मिटल्या पापणीवर बोट अलगद टेकवायला सांगितलं आणि म्हणाल्या, आता दुसऱ्या डोळ्यानं वाच. दोन्ही डोळे बरोबरच हलतात, त्यामुळे मिटलेला डोळाही वाचत्या डोळ्यासारखाच फिरतो. दुसऱ्या ओळीलाच नंदू थबकला. बोटाखाली बुबुळ सरकत नव्हतं, झटके देत होतं.

वाचणं म्हणजे थांबे आणि उड्या. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा, उडी त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची. उडी चालू असताना नीट काहीच दिसत नाही. म्हणून तर आरशात कितीही वेळ पाहिलं तरी आपले स्वतःचे डोळे हलताना आपल्याला कधी दिसत नाहीत. स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मधला इवलासा भाग, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी पान धूसरच असतं.

"मग डोळे हलवायचेच कशाला?" अवी म्हणाला. "माझ्या फोनवर अ‍ॅप आहे. एकाच जागी एकेक शब्द दाखवत जातं. उड्यांचा वेळ वाचला."

इथे मला राहवलं नाही. उड्यांत वेळ जातोच किती? आणि त्या बदल्यात अवी जे गमावतो ते फार मोठं आहे. 1975 मध्ये मॅकॉन्की आणि रेनर या दोन संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी तयार केली. वाचणाऱ्याची नजर जिथे असेल तिथलीच अक्षरं खरी, बाकी सगळी बदललेली, आणि नजर हलली की खिडकीही हलायची. इंग्रजी वाचणाऱ्याला नेहमीच्या वेगानं वाचायला उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांची जागा लागते, डावीकडे मात्र तीन-चार पुरतात, असं अशा प्रयोगांतून दिसून आलं. म्हणजे नजर एका शब्दावर असताना पुढच्या शब्दाची चाहूल आधीच लागलेली असते. छोटा, अपेक्षित शब्द असेल तर डोळा त्याच्यावर बऱ्याचदा उतरतही नाही.

"म्हणूनच 'आणि' दोनदा छापला गेला तरी कुणाला दिसत नाही," सुलभाताई म्हणाल्या. "मला मुद्दाम एकेका शब्दावर थांबावं लागतं. ते वाचन वेगळंच."

"पण उजवीकडे जास्त दिसतं ही डोळ्याची ठेवणच असेल," अवी अडून बसला.

तसं नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. 1981 मध्ये हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या वाचकांवर हाच प्रयोग झाला. इंग्रजी वाचताना त्यांची खिडकी उजवीकडे लांब होती, हिब्रू वाचताना तीच माणसं, तेच डोळे, पण खिडकी डावीकडे लांब. डोळ्याची ठेवण काही भाषेगणिक बदलत नाही. बदलतं ते लक्ष. डोळा अजून शब्दावर असतो, लक्ष पुढच्या शब्दाच्या दारात जाऊन उभं राहिलेलं असतं. ते एका वेळी एकाच शब्दावर असतं की दोन-तीन शब्दांवर पसरलेलं, यावर संशोधकांचं अजून जुंपलेलं आहे. त्यात आम्ही पडलो नाही.

नंदूचा मूळ प्रश्न राहिलाच होता. दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा मागे जातात, आणि हे चांगल्या वाचकांचंही होतं. सुलभाताईंनी त्याच्या वहीत एक वाक्य लिहिलं: 'तिनं गच्चीवरून वर पाहिला.'

नंदूनं वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. 'वर' म्हणजे आभाळाकडे, असं धरून तो पुढे गेला होता, आणि 'पाहिला'वर पोचल्यावर तो नवरदेव निघाला.

"आता हेच पट्टीनं झाकून वाचलं असतंस तर?" त्यांनी विचारलं.

2014 मध्ये रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास हेच केलं. नजर पुढे गेली की मागचे शब्द पडद्यावरून पुसले जायचे, म्हणजे परत जाऊन काही मिळणार नाही. अशा वाचनात आकलन घटलं, आणि ते फक्त फसव्या वाक्यांपुरतं नव्हतं, साध्या वाक्यांतही घटलं. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण लहानपणी वर्गात मोठ्यानं वाचताना शब्द परत घेतला की मला "पुढे बघ" असं ऐकावं लागायचं. मी अडखळत नव्हतो, वाक्य जुळवत होतो.

नंदू मात्र प्रामाणिकपणे म्हणाला, "माझं दर वेळी असं नसतं. कधी कधी अख्खं पान वाचतो आणि काही कळलेलंच नसतं. मन दुसरीकडे."

हेही खरंच आहे. मन भरकटलं तरी डोळे ओळींवरून जात राहतात. फक्त त्यांची चाल बदलते. एरवी ओळखीच्या शब्दावर थांबा छोटा, अनोळखी शब्दावर मोठा. 2010 च्या एका अभ्यासात दिसलं, की मन नसताना थांबे लांबतात आणि शब्दाशब्दांतला हा फरक पुसट होत जातो. पण अशा वेळी तर मागे जाण्यावाचून दुसरा मार्गच नाही. पट्टी लावली तर मन कुठे सुटलं होतं ते शोधायची वाटच बंद.

नंदूनं थोडा विचार केला आणि पट्टी वाचायच्या ओळीच्या खाली धरली. ओळ चुकत नव्हती, वरचं सगळं उघडं होतं. सुलभाताई समोरून त्याच्या डोळ्यांकडे बघत बसल्या.

"गेली मागे," त्या म्हणाल्या.

नंदूनं मान वर केली नाही. तो वाचत होता.